ॲग्रीचं आठवं सेम संपत आलंय. पुढं बाग, लॅब की फॅक्टरी?

टोमॅटोवाली

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय. लांबण लागेल, आधीच सांगते.

पुण्याजवळ एका खासगी कॉलेजात बी.एस्सी. ॲग्रीला आहे, राहुरी विद्यापीठाला संलग्न. आठवं सेम चालू आहे, सीजीपीए ७.९. घर नारायणगावच्या पुढं. तीन एकर टोमॅटो, दीड एकर द्राक्षं, बाकी पावसावर. 'रावे'त (सातव्या सेमच्या आसपास गावात राहून करायचं कार्यानुभवाचं काम) गावोगाव फिरून बीजप्रक्रिया समजावत होतो तेव्हा एका आजोबांनी विचारलं होतं, "पोरी, तुझ्या बापाला सांगितलंस का हे?" सांगितलं नव्हतं. असो.

गेल्या पावसाळ्यात आमचा टोमॅटो ऐन तोडणीला आला आणि भाव बसला. तोडणी, गाडी, हमाली धरली तर वीस किलोच्या कॅरेटमागं खर्चसुद्धा सुटेना. पप्पांनी चाळीस कॅरेट बांधावर ओतली. त्यातलं एक मी कॉलेजला घेऊन आले. ईएलपीला (स्वतः करून शिकायचा विषय) आम्ही प्रक्रिया घेतलीय, तर मॅडमना म्हटलं, याची पेस्ट करून बघू. धुतलं, पल्परमधून काढलं, आटवायला ठेवलं. दुपारी एकला चढवलेलं पातेलं पाच वाजले तरी पळीवरून पळतंय. सुरुवातीला रिफ्रॅक्टोमीटरवर ४.४ ब्रिक्स होतं, म्हणजे शंभरात साधारण साडेचार भाग साखर वगैरे, बाकी पाणी. २८ च्या जवळ आलं तेव्हा पातेल्यात जेमतेम पावणेतीन किलो उरलं. वीस किलोतून! मॅडम म्हणाल्या, रंग छान आलाय. मी गॅसचा हिशेब करत बसले. त्या रात्री ठरवलं की पुढं याच्यातच काहीतरी करायचं.

पण 'याच्यातच' म्हणजे नक्की कशात, इथं गाडी अडलीय. वर्गातली निम्मी पोरं स्पर्धा परीक्षांसाठी नवी पेठेत अभ्यासिका लावून बसलीत. मैत्रीण म्हणते एम.एस्सी. हॉर्टी (फळं-भाज्या) कर, निदान कॉलेजवर चिकटशील. सर म्हणतात एम.टेक. फूड. मामा म्हणतो एमबीए, ॲग्रीबिझनेस, पॅकेज चांगलं. एका सीनियरनं जर्मनी गाठलीय आणि त्याचे बर्फातले फोटो बघून माझा धाकटा भाऊ मलाच तिकडं पाठवायला निघालाय. पप्पांचा एकच प्रश्न आहे, "एम.एस्सी. करून शेवटी कुठंतरी तासिकेवरच शिकवायचं ना?" याला माझ्याकडे उत्तर नाही.

घरून दोन-अडीच लाखांच्या वर काही निघणार नाही. बाकी कर्ज किंवा स्कॉलरशिप. यातून गेलेलं कुणी असेल तर खरं खरं सांगा. "पॅशन फॉलो कर" कृपया नको.

अभ्यासिका_नवीपेठ

आमच्यावर टोमणा मारलायस तर उत्तर देणं भाग आहे.

इथं तिसरं वर्ष. एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. अन्न सुरक्षा अधिकारी पदासाठी जी पात्रता आहे तिच्यात फूड टेक्नॉलॉजी, डेअरी, बायोटेक, मायक्रोबायोलॉजी यांच्यासोबत कृषी विज्ञानाची पदवीसुद्धा चालते. म्हणजे नुसत्या बी.एस्सी. ॲग्रीवर तू पात्र आहेस, एम.एस्सी. लागत नाही. एमपीएससीतून कृषी सेवा आहे ती वेगळीच.

पण जाहिरात निघते तेव्हा निघते. मधल्या काळात मेसचं बिल दर महिन्याला निघतं. माझा सल्ला एवढाच: इथं यायचं तर पीजीला ॲडमिशन घेऊन ये, पीजी टाळण्यासाठी येऊ नकोस. मी टाळण्यासाठी आलो होतो.

रेसिड्यूताई

खरड छाटण्या उरकत आल्या, आमचा द्राक्षांचा सीझन संपला, म्हणून निवांत लिहिते. जानेवारी ते एप्रिल मला कुणी फोनसुद्धा करत नाही.

अगं, तू पातेलं पाच वाजेपर्यंत ढवळलंस ना, तिथंच तुझ्या प्रश्नाचं उत्तर आहे. गणित तुझं बरोबर आलंय. वीस किलोतून साल-बी गेली की सतरा किलो रस धर. ४.४ ब्रिक्सचा रस २८ वर न्यायचा तर सतराचे पावणेतीनच व्हायला हवेत. उरलेलं चौदा किलोच्या वर पाणी तू गॅसवर उडवलंस. आता मला सांग, या सगळ्यात तुला राग कशाचा आला?

टोमॅटोत ४.४ च का, याचा आला असेल तर तो प्रश्न बियाण्याचा आहे. आपण लावतो ती संकरित वाणं गाडीत चेपू नयेत, मंडईत चार दिवस टिकावीत म्हणून निवडलेली असतात. साल जाड, फळ टणक, आत पाणी. पेस्टचा टोमॅटो वेगळा, त्यात घनपदार्थ जास्त. म्हणूनच भाव पडला की "फॅक्टरीला का नाही देत?" म्हणणाऱ्यांना फॅक्टरीवाला दारातूनच परत पाठवतो. हा राग असेल तर भाजीपाला शास्त्र किंवा जेनेटिक्स.

चार तास जाळ का लागला, याचा राग आला असेल तर ती इंजिनिअरिंगची बाजू. कारखान्यात उघड्यावर आटवत नाहीत. निर्वात पोकळी करून साठ-सत्तर अंशांवर उकळवतात, आणि पहिल्या भांड्यातून निघालेली वाफ दुसरं भांडं तापवायला वापरतात, दुसऱ्याची तिसऱ्याला. रंग टिकतो, इंधन वाचतं. तुझ्या उसाच्या पट्ट्यातल्या कुठल्याही साखर कारखान्यात जाऊन बघ, तिथं रस असाच आटतो.

बाटली सहा महिन्यांनी उघडली तर आत काय असेल, ही भीती वाटली असेल तर मायक्रोबायोलॉजी नाहीतर माझ्यासारखी केमिस्ट्री. आणि चाळीस कॅरेट ओतायची वेळच का आली, हा राग असेल तर मामाचं ऐक. त्यावर दुसरं कुणीतरी बोलेल, मला त्यातलं कळत नाही.

माझं सांगते. एम.एस्सी.ला मला सॉइल मिळालं. मिळालं म्हणजे मेरिट लिस्टमध्ये नाव खाली होतं आणि हॉर्टी भरलं होतं. दोन वर्षं मातीतले धनभारित आयन, चिकणमातीच्या कणांना कोण किती घट्ट धरून बसतं, हेच केलं. रडत केलं. २००९ ला पुण्यातल्या एका रेसिड्यू लॅबमध्ये (फळं-भाज्यांत उरलेली औषधं तपासणारी) लागले, पगार इतका की हडपसरहून पीएमपीचा पास काढला की महिन्याला दोनदा बाहेर जेवण. दुसऱ्याच वर्षी, २०१० ला, युरोपात गेलेली आपली द्राक्षं अडकली. क्लोरमेक्वाट सापडलं, शेतकरी ज्याला सीसीसी म्हणतात ते. छाटणीनंतर वेलीची नुसती वाढ रोखून घड धरावेत म्हणून मारायचे. आपण निर्यातीआधी जी औषधं तपासत होतो त्या यादीत ते नव्हतंच. तुझ्या पप्पांना विचार, तो उन्हाळा द्राक्षवाले विसरलेले नाहीत.

आता गंमत बघ. फळांतली औषधं काढायची आमची नेहमीची पद्धत अशी: दहा ग्रॅम वाटलेला नमुना, त्यात ॲसिटोनायट्राइल, मग मीठ, जोरात हलवायचं, पाणी खाली, द्रावण वर. औषधं वरच्या थरात येतात, तो थर मशीनला द्यायचा. सीसीसी वर येतच नाही! ते स्वतःच धनभारित, पाण्यालाच चिकटून खाली बसतं. वरचा थर कितीही तपासा, काहीच नाही. त्याला वेगळी पद्धत, मशीनमध्ये वेगळा कॉलम (घटक वेगळे करणारी नळी) लागतो. लॅबमध्ये सगळे डोकं धरून बसले होते तेव्हा मला हे लगेच उमजलं, कारण मी दोन वर्षं रडत रडत धनभारित कणांशीच झुंजले होते. पदवीवर 'मृद' लिहिलंय म्हणून मला त्याआधी दोन ठिकाणी मुलाखतीलाही बोलावलं नव्हतं.

म्हणून विषयाच्या नावावर फार जाऊ नकोस असं म्हणेन. पण पात्रतेच्या बाबतीत नावावर जावंच लागतं, तिथं भोळेपणा नको. तुझे सर एम.टेक. फूड म्हणतात ना? आपल्या कृषी विद्यापीठांत, परभणीच्या अन्नतंत्र महाविद्यालयासारख्या ठिकाणी, एम.टेक. फूडची वाट मुख्यतः बी.टेक. फूडवाल्यांसाठी आहे. गेट (एम.टेक.ची देशपातळीवरची परीक्षा) तू देऊ शकतेस, बी.एस्सी. ॲग्रीला परवानगी आहे, एक्सई आणि एक्सएल या दोन्ही पेपरांत फूड टेक्नॉलॉजीचा विभाग आहे. गेटवरून एम.टेक.ला गेलं तर महिना १२,४०० रुपये मिळतात. पण गेट पास होणं वेगळं आणि त्या संस्थेनं तुझी पदवी मान्य करणं वेगळं. कुंडली आणि तंजावर इथल्या निफ्टेम या अन्नतंत्राच्या संस्था, माटुंग्याचं रसायन तंत्रज्ञानाचं आयसीटी (जुन्या लोकांचं यूडीसीटी, १९३३ चं) या सगळ्यांची माहितीपत्रकं उघडायची आणि प्रत्येकात 'ॲग्रिकल्चर' हा शब्द शोधायचा. पाच मिनिटांचं काम आहे, पण आमच्या ओळखीतल्या एका पोरानं वर्ष गेल्यावर केलं. म्हैसूरच्या सीएफटीआरआयचा एम.एस्सी. फूड टेक्नॉलॉजी हा या क्षेत्रातला जुना आणि मानाचा अभ्यासक्रम, तिथलंही पत्रक तसंच वाच. १९५० पासूनची संस्था, राजवाड्यात भरते. अन्नशास्त्र शिकायला राजवाडा, काय नशीब!

तुझ्यासाठी मधली वाट आहे, तिच्याबद्दल कुणी बोलत का नाही कळत नाही. काढणीपश्चात तंत्रज्ञान, पीएचटी. आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषद) पीजी परीक्षा देताना एकच विषयगट निवडायचा असतो. हॉर्टिकल्चर गट घेतलास की त्यात फळं, भाज्या, फुलं यांच्याबरोबर हेही येतं, आणि तिथं बी.एस्सी. ॲग्री अगदी घरचं माणूस. दिल्लीच्या पुसा संस्थेत अन्नशास्त्र आणि काढणीपश्चात तंत्रज्ञानाचा स्वतंत्र विभागच आहे. तिथं एम.एस्सी. केलेली पोरं मी कामावर घेतलीत. त्यांना शेतही कळतं आणि क्रोमॅटोग्राफही हाताळता येतो. चुकीच्या उत्तराला गुण कापतात, तेवढं लक्षात ठेव. राज्याची पीजी सीईटी सोबत दे, दोन्हींचा अभ्यास तसा एकच.

आणि ॲडमिशन मिळाल्यावर कॉलेजच्या नावापेक्षा गाईड बघ. हे कुणी आधी सांगत नाही. एम.एस्सी. म्हणजे चारातली दोन सेम थिसिस. शेतातला प्रयोग घेतलास आणि ऐन फुलोऱ्यात अवकाळी झाला तर पुढच्या हंगामापर्यंत बस. माझी रूममेट अशी आठ महिने बसली होती. गाईडकडे आधीची पोरं किती दिवसांत सुटली, आता कुठं आहेत, हे त्या पोरांनाच विचार. गाईडना विचारू नकोस, ते चांगलंच सांगणार.

पुणं सोडायचं नसेल तरी हरकत नाही. मांजरीलाच राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. तिथं साखर, अल्कोहोल, वाइन यांचं शिक्षण मिळतं. विधी महाविद्यालयाच्या बाजूला आघारकर संस्था, गहू-सोयाबीनच्या वाणांसाठी प्रसिद्ध, पण तिकडं पीएच.डी.च्या वाटेनं जायचं. शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात कृषी हवामानशास्त्र आहे आणि पलीकडे सिमला ऑफिसात वेधशाळेचा कृषी हवामान विभाग १९३२ पासून बसलाय. हे शेवटचं तुझ्या कामाचं नाही, पण इथं वाचणाऱ्या कुणाच्या तरी असेल, कारण पोरं तिकडं फिरकतच नाहीत.

एका गोष्टीपासून मात्र लांब राहा. 'फूड टेक्नॉलॉजी'ची पाटी लावून सहा महिन्यांत डिप्लोमा देणारी दुकानं. मागच्या वर्षी एक मुलगी मुलाखतीला आली, दीड लाख भरून आलेली, तीन प्रमाणपत्रं हातात. मी विचारलं, स्वतः मशीनमध्ये नमुना कधी इंजेक्ट केलायस? म्हणाली, सरांनी करून दाखवला होता, आम्ही तीस जण होतो. मला तिला नाही म्हणताना वाईट वाटलं, पण म्हटलं.

तासिकेचं पप्पांना सांग की भीती खरी आहे. नुसत्या एम.एस्सी.वर कृषी महाविद्यालयात कायम नोकरीची आशा धरू नकोस. त्याला नेट, पीएच.डी. आणि नशीब लागतं. पण शिकवणं हा एम.एस्सी.चा एकच उपयोग नव्हे. आमच्या लॅबमध्ये एकोणीस जण आहेत, त्यातले अकरा ॲग्रीचे.

श्टुटगार्टकर

बर्फातले फोटो टाकणारा सीनियर मी नाही, पण फोटो मीही टाकतो. भांडी घासतानाचे टाकत नाही इतकंच.

शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयातून बी.एस्सी., आता होहेनहाइम विद्यापीठात क्रॉप सायन्सेस, इंग्रजीतून. १८१६ मध्ये इंडोनेशियातल्या ज्वालामुखीमुळं इथं उन्हाळाच आला नाही, दुष्काळ पडला, म्हणून राजानं १८१८ मध्ये शेती शिकवायची संस्था काढली. तेच हे विद्यापीठ. अजून राजवाड्यातच भरतं. (ताई, राजवाड्यांचा आणि आपल्या धंद्याचा काहीतरी संबंध आहे.)

पैशाचं स्पष्ट सांगतो. जर्मनीत शिक्षण फुकट असं जे म्हणतात ते या राज्यात खरं नाही. युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे. बऱ्याच इतर राज्यांत ती नाही, बॉन, गॉटिंगेन बघ. पण खरा खड्डा फीचा नाही. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे पैसे आधी एका गोठवलेल्या खात्यात भरावे लागतात. मी आलो तेव्हा ११,९०४ युरो होते. म्हणजे दहा-अकरा लाखांच्या पुढं, आणि विमानाचं तिकीट वेगळं. ते पैसे दर महिन्याला थोडे थोडे तुलाच परत मिळतात, पण आधी दाखवावे तर लागतात. माझ्या बाबांनी त्यासाठी जमिनीवर कर्ज काढलं. वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं. विभागातच 'हिवी' (विद्यार्थी मदतनीस) म्हणून काम मिळालं तर उत्तम. मी ग्रीनहाऊसमध्ये कुंड्या धुतो, मोजमापं घेतो. ते मिळेपर्यंत सात महिने रेस्टॉरंटमध्ये होतो. इकडं येण्याआधी भारतात एपीएस प्रमाणपत्र (आपली कागदपत्रं तपासून देतात ते) काढावं लागतं, त्याला वेळ जातो, ते सगळ्यात आधी.

तुझ्या ७.९ चं इथं काय होतं तर, पास व्हायला किमान ५ धरले तर त्यांच्या सूत्रानं २.३ च्या आसपास. इथं आकडा जितका कमी तितका चांगला. २.५ च्या आत आहेस, म्हणजे दार बंद नाही.

नेदरलँड्सचं वाखेनिंगेन हे या विषयातलं पंढरपूर. मी अर्ज केला होता, प्रवेशही मिळाला, फीचा आकडा बघून हात जोडले. तिथं फूड टेक्नॉलॉजी, फूड सेफ्टी, फूड क्वालिटी मॅनेजमेंट असे वेगवेगळे मास्टर्स आहेत. आपली गोची अशी की फूड टेक्नॉलॉजीला गणित, भौतिकी, प्रक्रिया अभियांत्रिकी नीट झालेली लागते आणि बी.एस्सी. ॲग्रीत आपण ती तोंडी लावण्यापुरती शिकतो. उष्मागतिकी मी इथं येऊन यूट्यूबवर शिकलो. दोन वर्षांची पदवी, त्यात थिसिस आणि कंपनीतली इंटर्नशिप दोन्ही. तो भाग मला फार आवडला होता.

दोन-अडीच लाखांत आत्ता इकडं येऊ नकोस. आधी तिकडं एम.एस्सी. करून पीएच.डी.ला ये. पीएच.डी.ला इथं बहुतेक वेळा पगार असतो, तू विद्यार्थी कमी आणि नोकरदार जास्त असतेस. हे मला कळलं तोवर खातं गोठलं होतं.

मांजरीचे_काका

पोरी, मामाच्या बाजूनं कुणीच बोललं नाही म्हणून बोलतो. मी शेतकरी, वय ५८, आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे, सव्वादोनशे सभासद. फळभाज्या.

आम्ही एक ॲग्रीबिझनेसचा मुलगा नोकरीला ठेवला. पहिले तीन महिने त्यानं फक्त पडद्यावर आलेख दाखवले. मी म्हटलं, हे आपल्या पैशाचं खत केलं. मग त्यानं एक काम केलं. सगळ्यांच्या लागवडीच्या तारखा लिहून काढल्या. तेव्हा दिसलं की आमच्यातले दीडशे जण एकाच पंधरवड्यात रोप लावतात, कारण रोपवाटिकेची गाडी तेव्हा येते. भाव पडणार नाही तर काय? पुढच्या वर्षी तीन टप्प्यांत लागवड करवली. सगळ्यांनी ऐकलं नाही, पण ज्यांनी ऐकलं त्यांनी बांधावर ओतला नाही. त्याला टोमॅटोतलं ब्रिक्स का फिक्स काही कळत नव्हतं.

तो शिकला आपल्या विद्यापीठ रस्त्यावरच्या वैकुंठ मेहता संस्थेत. तशीच हैदराबादला मॅनेज ही संस्था, आणंदला अमूलच्या कुरियन साहेबांनी १९७९ ला काढलेली ग्रामीण व्यवस्थापनाची इर्मा, अहमदाबाद आणि लखनौच्या आयआयएममध्येही शेती-अन्नाचा वेगळा अभ्यासक्रम आहे. कॅट वगैरे द्यावी लागते, फी मोठी, कर्ज काढावं लागेल. मात्र एक अट. मामाच्या 'पॅकेज'साठी जाणार असशील तर दोन वर्षांनी तू कीटकनाशकं विकत फिरशील आणि मी तुला दारात उभी करणार नाही.

टोमॅटोवाली

सगळ्यांचे आभार. ही सगळी चर्चा काल रात्री पप्पांना वाचून दाखवली. सीसीसीचं आलं तेव्हा ते मधेच म्हणाले, "थांब, परत वाच." २०१० ला आमचीही बाग होती. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते, मला फक्त एवढं आठवतंय की त्या वर्षी शाळेचं नवीन दप्तर घेतलं नाही. कारण आत्ता कळलं. वरचा थर, खालचा थर हे त्यांना दोनदा सांगितलं, पाणी आणि तेल घेऊन करूनसुद्धा दाखवलं. झोपायला जाताना म्हणाले, "म्हणजे द्राक्षात होतं आणि मशीनला दिसत नव्हतं." मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

ताई, राग कशाचा आला हे मी खूप विचार करून सांगते. जाळाचा आला. चौदा किलो पाणी उडवायला एवढा गॅस का, याचाच. आज कॉलेजात तुम्ही म्हणता तसं एकाची वाफ दुसऱ्याला, हे दोन पातेली आणि एक नळी घेऊन करून बघायचा प्रयत्न केला. मॅडमनी हाकललं. पण श्टुटगार्टकर दादांनी गणिताचं जे लिहिलंय ते शंभर टक्के खरं आहे. आमच्याकडे बारावीनंतर गणित पाहुण्यासारखं आलं आणि चहा न घेताच गेलं.

तर आत्ता असं ठरवतेय: आयसीएआर हॉर्टिकल्चर गटातून, पीएचटी पहिली पसंती. सीईटी सोबत. माहितीपत्रकांत 'ॲग्रिकल्चर' शोधायला बसले, चार झाली, दोघांनी पहिल्याच पानावर नारळ दिला. गेट पुढच्या वर्षी, त्याआधी उष्मागतिकी यूट्यूबवर. काका, तुमचं लागवडीच्या तारखांचं मी आमच्या गावात करून बघणार आहे. एवढ्यासाठी कॅट देत नाही, वही घेऊन फिरते. रावेतल्या त्या आजोबांपासून सुरुवात करीन म्हणते.

अभ्यासिकावाले दादा, टोमण्याबद्दल सॉरी. जाहिरात आली की इथंही टाका.

ताई, एक विचारायचं होतं. तुमची लॅब एकदा बघायला मिळेल का? नुसती लांबून बघेन.

रेसिड्यूताई

लांबून कशाला? सीझन नाही, मशीनं मोकळी आहेत. शनिवारी दहाला ये. हडपसर गाडीतळाला उतरलीस की व्यक्तिगत निरोप पाठव, मी पुढचं सांगते, इथं लॅबचं नाव लिहीत नाही.

घरच्या बागेतली द्राक्षं आता नसतील, पण टोमॅटो असेलच. किलोभर आण, वेगवेगळ्या झाडांवरचा, फक्त चांगला चांगला निवडू नकोस. पिशवीवर तारीख आणि शेवटची फवारणी कधी झाली ते लिही. पप्पांना विचारून लिही, अंदाजानं नको. नमुना तू स्वतः इंजेक्ट करायचास.

पप्पांना यायचं असेल तर त्यांनाही घेऊन ये. दोघांनीही बूट घाला, आमच्याकडे चपलेवर आत सोडत नाहीत.